खर्ज धरणारा माणूस

आपल्या गाण्यात खर्जाचा मान मोठा. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. ती मनासारखी लागेपर्यंत गवई खुंटी सोडत नाही. पण मैफल संपून माणसे घराकडे निघाली की चर्चा होते ती गायकाची, तबलजीची, फार तर पेटीवाल्याची. मागे बसून तीन तास तो खर्ज धरणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. पाश्चात्त्य बँडमध्ये हीच जागा बेस वाजवणाऱ्याची आहे. या माणसाने गेल्या शंभर वर्षांत कोणते वाद्य हाती घेतले, का घेतले, आणि ते ऐकू जावे म्हणून काय काय खटाटोप केला, याचा इतिहास मला राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच वाचनीय वाटत आला आहे.

बेसवाल्याचे काम दुहेरी. ड्रमवाला तालाची भाषा बोलतो, गायक आणि गिटारवाला सुरांची. बेसवाल्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. त्याचा प्रत्येक आघात मात्रेवर पडला पाहिजे आणि त्याच आघाताने त्या क्षणाचा आधारस्वरही सांगितला पाहिजे. बाजारात एक भाषा आणि घरात दुसरी, अशा भागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दुभाष्याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. दुभाषी चोख असला की तो आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. तो गप्प बसला की मात्र सगळा व्यवहार अडतो.

या दुभाष्यापुढची पहिली अडचण अशी की, खालचा सूर कानाला कमी ऐकू येतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. बेसची सर्वांत जाड तार एक सप्तक खाली, सुमारे ४१. इतका खालचा सूर वरच्या सुराइतका मोठा ऐकू यायचा तर त्यामागे कितीतरी पट जोर लावावा लागतो. रस्त्यावरून चालणाऱ्या बँडने हा प्रश्न पितळेने सोडवला. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांत खर्ज ट्यूबावर फुंकला जाई. आपल्या लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटखाली युफोनियमचा जाड आवाज असतो, तो याच कुळातला. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या काळातही ट्यूबाचीच चलती होती. तेव्हा कर्ण्यासमोर बसून वाजवावे लागे, आणि डबल बेसचा मऊ आवाज त्या कर्ण्यात नीट पकडला जात नसे. १९२५ साली मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले आणि डबल बेसला रेकॉर्डवर हक्काची जागा मिळाली.

डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला सर्वांत थोरला भाऊ. उंची माणसाहून जास्त, अंग लाकडी आणि पोकळ, चार तारा, आणि गळ्यावर पडदे नाहीत. सूर कोठे आहे हे बोटांनी अंदाजाने ओळखायचे. मुंबईच्या हॉटेलांत १९३० च्या दशकापासून जॅझ वाजू लागला. गोव्यातील चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक त्या बँडमध्ये भरले आणि तेथून पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. त्यांच्यातही डबल बेस धरून उभा राहणारा एक गडी असेच. हे धूड गाडीत घालून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे म्हणजे एक माणूस जास्तीचा नेण्यासारखे. शिवाय ट्रम्पेट आणि ड्रम जोरात आले की एवढ्या मोठ्या वाद्याचा आवाज बुडून जाई.

ही अडचण ओळखली ती वादक नसलेल्या एका माणसाने. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच पडद्यांची विजेवरची बेस गिटार बनवली होती, पण तिचा प्रसार झाला नाही. फेंडरने १९५१ साली बाजारात आणलेली मात्र टिकली. भरीव लाकडाचे अंग, गळ्यात अडकवता येईल असा आकार, तारांची लांबी ३४ इंच आणि गळ्यावर पडदे. पडद्यांमुळे सूर बिनचूक लागणार, म्हणून वाद्याचे नावच ‘प्रिसिजन’ ठेवले. तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तार. तिच्यात उमटणारी क्षीण वीज वाढवायला पुढच्याच वर्षी ‘बेसमन’ नावाचा ॲम्प्लिफायर आला. लायनेल हॅम्प्टनच्या मोठ्या जॅझ बँडमध्ये आधी रॉय जॉन्सनने आणि नंतर मंक मॉंटगोमेरीने ही गिटार हाती घेतली. जॅझच्या कडव्या मंडळींनी नाके मुरडली. पण बँडच्या मालकाला मागच्या रांगेपर्यंत ऐकू येणारा आणि गाडीत मावणारा खर्ज मिळाला होता.

दुसरी वाट वादकाने स्वतः काढली. एव्हरेट हल हा डबल बेस वाजवणारा. वाद्य ज्या दांडीवर जमिनीवर टेकते, त्या दांडीत त्याने पिकअप बसवला आणि त्यावरूनच त्याच्या कंपनीचे नाव ‘ॲम्पेग’ पडले. १९६० साली या कंपनीने ‘पॉर्टाफ्लेक्स बी-१५’ काढला. १५ इंची स्पीकरच्या पेटीतच ॲम्प्लिफायर उलटा बसायचा, झाकण फिरवले की वर यायचा, आणि प्रयोग संपला की पुन्हा पोटात जायचा. शक्ती अवघी २५ वॅट. हलला आवाज स्वच्छ हवा होता, फाटलेला आवाज त्याला खपत नसे. या पेटीची घडण पाहिली की तिच्यामागे सामान उचलून दमलेला वादक उभा आहे हे कळते.

याच पेटीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलायनातला. पुढे डेट्रॉइटला आला, आणि तेथे शाळेत शिकला डबल बेस. मोटाउन कंपनीने एका राहत्या घरात स्टुडिओ थाटला होता. तेथे तो रोजचा वादक म्हणून लागला. १९६० च्या दशकातील सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, मार्विन गे यांच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांखाली त्याचाच खर्ज आहे. त्याचे वाद्य म्हणजे १९६२ सालची फेंडर प्रिसिजन, दुकानात कोणालाही मिळेल अशी. वेगळेपण होते ते त्याच्या निवडीत. तारा सर्वांत जाड आणि वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, म्हणजे बोट सरकले तरी करकर नाही. घोडीपाशी स्पंजाचा तुकडा दाबलेला, म्हणजे स्वर लांबत नाही, ‘धप्’ करून विरतो. तारा पडद्यांपासून उंच. बोटांत बळ नसेल त्याने वाजवूच नये. तुटल्याखेरीज तार बदलायची नाही. आणि उजव्या हाताचे फक्त एक बोट, तर्जनी. हे सगळे त्याने डबल बेसकडून आणले होते. हाती नवे वाद्य घेतले, पण जुन्या वाद्याचा संस्कार सोडला नाही.

स्टुडिओत त्याचे वाद्य बहुतेक वेळा थेट मुद्रणयंत्राला जोडलेले असे. ॲम्पेगची पेटी बाहेरच्या कार्यक्रमांसाठी. ही गाणी लोक ऐकणार होते मोटारीतल्या रेडिओवर. त्याच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ कंपनांचा सूर पेलतच नाही. परंतु माणसाचा कान मोठा हुशार. वरची उपकंपने ऐकू आली की खालचा मूळ सूर तो आपला आपण भरून घेतो. आपणही ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकत वाढलो, त्यातला खर्ज निम्माअधिक आपल्या कानानेच भरलेला होता.

इंग्लंडमधली गोष्ट निराळी. १९६१ साली बीटल्स हॅम्बुर्गमध्ये वाजवत होते. त्यांचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ गट सोडून चालला, आणि ती जागा पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडली. फेंडरची किंमत सुमारे १०० पौंड; ती परवडेना. त्याने सुमारे ३० पौंडांना जर्मन बनावटीची हॉफनर घेतली. ती व्हायोलिनच्या आकाराची, दोन्ही बाजू सारख्या. डावखुऱ्या माणसाने उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही. पोकळ अंगामुळे वजनाला हलकी. पुढे जगभर ‘बीटल्सची बेस’ म्हणून गाजलेल्या वाद्याची निवड अशी खिशाने आणि डाव्या हाताने केली होती. पुढे त्याच्याकडे रिकेनबॅकरही आली. आणि जेमरसन कोण हे ठाऊक नसताना मोटाउनच्या रेकॉर्डवरचा तो खर्ज तो कान देऊन ऐकत होता.

लंडनच्या ‘द हू’ या गटातल्या जॉन एंटविसलला दबलेला आवाज नको होता. त्याला पियानोसारखी खणखणीत तार हवी होती. एका अमेरिकन गिटारच्या तारा त्याला आवडल्या, पण सुट्या तारा दुकानात मिळेनात, म्हणून तार तुटली की तो नवी गिटारच आणी. अखेर १९६६ च्या सुमारास रोटोसाउंडच्या जेम्स हाऊबरोबर बसून त्याने गोल तार गुंडाळलेल्या बेसच्या तारा करून घेतल्या. पुढे जॅको पास्टोरियसने त्याच तारा आपल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसवर चढवल्या. त्या गिटारीचे पडदे त्याने उखडून खाचा बुजवल्या होत्या. खरबरीत तारांनी लाकूड झिजू नये म्हणून त्यावर नावेला लावतात तसले इपॉक्सी चढवले. ज्या पडद्यांसाठी फेंडरने वाद्याला ‘बिनचूक’ असे नाव दिले होते, ते पडदे पंचवीस वर्षांत नकोसे झाले आणि मीड परत आली.

मुळात आवडीने निवडलेले वाद्य या इतिहासात फार थोड्यांच्या हाती दिसते. कोणाला वजन नडले, कोणाला पैसा, कोणाला शेजारचा ड्रम. प्रत्येकाने आपापल्या अडचणीला उत्तर दिले आणि ते उत्तर पुढच्या पिढीने ‘आवाज’ म्हणून शिरोधार्य मानले. मला खटकते ते हे की, उत्तर सापडले पण उत्तर देणारा हरवला. मोटाउनच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षे वादकांची नावे नसत. १९७१ साली मार्विन गेच्या अल्बमवर ती छापली गेली, तोवर जेमरसनची उमेदीची वर्षे सरत आली होती. १९८३ साली कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाचा मोठा सोहळा झाला. त्याला जेमरसन स्वतः तिकीट काढून सज्जात बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचे नाव लागले ते २००० साली.

मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्याची ती १९६२ ची फेंडर चोरीला गेली होती. चोरीच्या बाबतीत तो एकटा नव्हे. मॅकार्टनीची हॉफनर १९७२ साली लंडनमध्ये गाडीतून गेली. शोधणाऱ्यांनी चिकाटीने माग काढला आणि ती त्याच्या हाती परत आल्याचे २०२४ साली जाहीर झाले. जॅकोची बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कला गेली. तो पुढच्याच वर्षी वारला, वाद्य सुमारे दोन दशकांनी सापडले. जेमरसनचे मात्र अजून सापडलेले नाही.

आपल्या जुन्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवरही गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे असत. खाली बेस कोणी धरला ते लिहिण्याची पद्धत नव्हती. त्या वाद्यवृंदांत गोव्याची माणसे होती, दक्षिणेची होती, आपल्याकडचीही असतील. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी आजोबा किंवा काका कधी बँडमध्ये उभे राहिले असतील, तर त्यांचे नाव, त्यांचे वाद्य, ते कोठून आणि कितीला घेतले, हे यंदाच्या दिवाळीत एका वहीत उतरवून ठेवा. सांगणारे माणूस समोर आहे तोवरच हे काम होते.