स्पर्शाविना विकृतीचे मोजमाप

भार दिल्यावर पदार्थ किती ताणला जातो, हे ठाऊक असल्याशिवाय पूल, विमान किंवा शरीरात बसवायचा कृत्रिम सांधा यांचा आराखडा करता येत नाही. लांबीतील बदल आणि मूळ लांबी यांच्या गुणोत्तराला ‘विकृती’ म्हणतात. अभियंत्यांमध्ये ‘स्ट्रेन’ हाच शब्द रूढ आहे. १० मिलिमीटर लांबीचा तुकडा एक हजारांशाने ताणला, तर त्याची लांबी अवघी १० मायक्रोमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी वाढते.

हा बदल मोजणारा, नमुन्यावर चिकटवायचा तारेचा स्ट्रेन गेज १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे तयार केला. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे त्याचे तत्त्व. मोठ्या तुळईवर गेज आजही विश्वासार्ह ठरतो. मात्र पातळ पत्रा, तंतू किंवा कूर्चेचा लहानसा तुकडा यांना गेजचा आणि तो चिकटवणाऱ्या थराचा ताठरपणाच भारी पडतो. अशा वेळी नमुन्याचे नव्हे, तर नमुना आणि गेज या जोडीचे वर्तन मोजले जाते.

ही अडचण ‘डिजिटल इमेज कोरिलेशन’ या पद्धतीने दूर होते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातील पीटर्स व रॅन्सन यांनी १९८२ मध्ये तिचा पाया घातला. नमुन्यावर पांढरा रंग देऊन त्यावर काळे, अनियमित ठिपके फवारले जातात. भार वाढत असताना कॅमेरा छायाचित्रे टिपतो. संगणक पहिल्या छायाचित्राचे लहान चौकोन पाडतो व प्रत्येक चौकोनातील ठिपक्यांची ठेवण पुढील छायाचित्रात कोठे सरकली, हे शोधतो. अनुकूल स्थितीत पिक्सेलच्या शंभराव्या भागाइतके विस्थापनही कळते. शेजारच्या चौकोनांच्या विस्थापनांतील फरकावरून संपूर्ण पृष्ठभागावरील विकृतीचा नकाशा तयार होतो. गेज एका जागेची सरासरी सांगतो. नकाशात विकृती कोठे एकवटते आहे, हेही दिसते.

कॅमेराही फसतो. एक मीटर अंतरावरील नमुना त्याच्याकडे एक मिलिमीटर सरकला, तर तो सुमारे एक हजारांशाने मोठा दिसतो. प्रत्यक्षात तो ताणलेला नसतानाही तेवढी विकृती नोंदली जाते. त्यासाठी दोन कॅमेरे किंवा अंतर बदलले तरी प्रतिमेचा आकार कायम राखणारे टेलिसेंट्रिक भिंग वापरतात. भार देण्यापूर्वी स्थिर नमुन्याची काही छायाचित्रे घेणेही आवश्यक असते. त्यांत विकृती शून्य यावयास हवी. जी दिसते, ती मोजमापातील त्रुटी होय. तिच्यापेक्षा लहान आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही.