पदकाच्या कडेवरचं नाव

पुण्याच्या जुन्या बाजारात कुलुपं, पितळी दिवे आणि बंद घड्याळांच्या ढिगात मला एक पदक दिसलं. एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४-१९१८ ही सालं. विकणारा म्हणाला, "सर, चांदी आहे. वजनावर देतो." मी ते हातात घेऊन फिरवलं, तर कडेवर बारीक रोमन अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली. हुद्दा सिपाही. नाव मुसलमानाचं. पलटण ११० वी मराठा.

माझ्याबरोबरच्या शिक्षकमित्राला नवल वाटलं. मराठा पलटणीत मुसलमान कसा? त्यात नवल काहीच नव्हतं. त्या काळी या पलटणींमध्ये मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही असत. ही माहिती आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, म्हणून आपल्याला ती नवी वाटते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार परतली नाहीत. काही फ्रान्सच्या चिखलात, मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलच्या खंदकांत पडली. आपल्या मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले गेले. हिंदू आणि मुसलमान, दोघांनीही ते मांस नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी कितीतरी जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत उपाशीच खंदकात उभे राहिले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण तुर्कांच्या कैदेत गेले आणि त्यांतले हजारो कैदेतच मेले. समोरचं सैन्य खलिफाचं होतं. मुसलमान सिपायाच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, ते पदकावर कोरलेलं नसतं.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये हे पदक काढलं गेलं. लढणाऱ्याला चांदीचं, आणि मजूर पथकांतल्या माणसांना, पलटणीबरोबरच्या आचारी-भिश्त्यांना कांस्याचं. कांस्याची अशी सुमारे १ लाख १० हजार पदकं निघाली. गोळी आणि पटकी हुद्दा विचारत नव्हत्या. धातू मात्र हुद्दा पाहून ठरला. मेलेल्याच्या घरी हातभर कागद आणि ताटलीएवढी एक कांस्याची चकतीही जाई. चकतीवर नाव असे, हुद्दा मात्र मुद्दाम गाळलेला, कारण मरणात सगळे सारखे. इंग्लंडमध्ये लोक तिला 'मेलेल्याचा पेनी' म्हणत.

घरी येऊन मी युद्धस्मारकांच्या नोंदींत तो नंबर शोधला. सिपाही मेसोपोटेमियात मेला होता. कबर नाही. स्मारक बसऱ्याचं.

बसऱ्याच्या या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची आठवण आहे. इंग्रज सैनिकांची नावं दगडात आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा कोरला गेला: इतके मेले. ज्या आयोगाने ही स्मारकं बांधली, त्याच्याच समितीने २०२१ मध्ये कबूल केलं की किमान १ लाख १६ हजार मृतांची आठवण नावाने किंवा अजिबातच ठेवली गेली नाही. त्यांत प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन होते. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी.

म्हणजे ज्या दगडावर नाव असायला हवं होतं तिथे आकडा होता, आणि नाव होतं या अडीच तोळ्यांच्या चांदीच्या कडेवर. त्या घरात अडचणीच्या दिवसांत ही चांदी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर मी त्या घराला दोष दिला नसता. गरिबाच्या घरी चांदी आधी चांदी असते, मग आठवण. पण अशी किती नावं वितळली असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

मी पदक घेतलं आणि सातवीच्या वर्गात नेलं. उर्दू माध्यमाची मुलं. एकेकाने कडेवरची अक्षरं लावून नाव वाचलं. बसऱ्याच्या दगडाची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, म्हणजे त्यांनी नुसता पट लिहिला, हजेरी घेतलीच नाही?"

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

त्या सिपायाचं नाव इथे लिहीत नाही. त्याचं गाव आणि घर सापडलं, तर ते पदक त्या घराचं आहे. तुमच्या घरी आजीच्या ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी असं काही पडलं असेल, तर एकदा बाहेर काढा. राजाचा चेहरा बघू नका. कड फिरवा आणि नाव मोठ्याने वाचा.