सूर्या खोरे

सूर्या : पालघर जिल्ह्यातील वैतरणेची मोठी उपनदी. जव्हारच्या डोंगराळ पट्ट्यात उगम पावून ती विक्रमगड, डहाणू आणि पालघर तालुक्यांतून वाहते व पुढे वैतरणेला मिळते. तिच्या खोऱ्यातील पाड्यांवर प्रामुख्याने वारली आणि मल्हार कोळी समाजाची वस्ती असून भात व नागली ही येथील मुख्य पिके.

खोऱ्यावर नजर ठेवणारा आशेरीगड मनोरच्या उत्तरेस, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगत आहे. १५५६ मध्ये तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात (१७३७–३९) मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेली शिळा गडावर आजही दिसते.

चारोटीजवळच्या विवळवेढे गावी महालक्ष्मीचे देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेला येथील यात्रा सुरू होते. डोंगरमाथ्यावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडीच्या सातवी घराण्याकडे असून तो ध्वज जव्हारच्या मुकणे संस्थानिकांकडून येतो.

तलवाड्याचे नाव वारल्यांच्या उठावाशी कायमचे जोडले गेले आहे. किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध येथील आदिवासींना संघटित केले. ५०० पौंड गवत कापण्याची मजुरी अडीच रुपये मिळावी, ही मागणी पुढे आली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार हुतात्मा झाले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा नोंदलेला आहे.

धामणी धरण आणि त्याखालचा कवडास बंधारा यांनी नदीचे रूप पालटले. सूर्या प्रकल्प आखला गेला तो मुख्यतः आदिवासी भागाच्या सिंचनासाठी. बुडित क्षेत्रातून उठलेली कुटुंबे हनुमाननगर, चंद्रनगर अशा वसाहतींत गेली. उजव्या आणि डाव्या कालव्यांमुळे काही गावांत उन्हाळी भात उभा राहू लागला.

मात्र पाण्याचे वाटेकरी वाढत गेले. पालघर शहर, बोईसर–तारापूरची औद्योगिक वसाहत आणि वसई–विरार यांची तहान याच नदीवर भागते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेच्या योजनेत वसई–विरारला १८५ आणि मीरा–भाईंदरला २१८ दशलक्ष लिटरचा वाटा आहे. सिंचनाचे पाणी शहरांकडे वळवण्यास खोऱ्यातील शेतकऱ्यांनी आणि आदिवासी संघटनांनी विरोध केला असून, आधी खोऱ्यातील शेताला आणि पाड्याला पाणी द्यावे, ही त्यांची मागणी आहे.