स्वदेशीं राजा, परदेशीं उमेदवार

एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं शिबेनिक नांवाचें एक लहानसें बंदर आहे. आज तें क्रोएशियांत मोडतें. परंतु १९६४ च्या २२ ऑक्टोबरला द्राझेन पेत्रोविच तेथें जन्मला, तेव्हां तें युगोस्लाव्हियांत होतें. या एका फरकांत त्याच्या आयुष्यांतलें अर्धें दुःख सांठलेलें आहे.

बास्केटबॉलमध्यें गार्ड म्हणजे चेंडू आपटीत पुढें नेणारा, दुरून नेम साधणारा आणि संघाचा डाव मांडणारा गडी. द्राझेन शाळेंत असतांना पहांटेस क्रीडागृहांत जाई आणि शेंकडों वेळां चेंडू कडींत टाकी. १९८३ सालीं देशाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत अगदीं शेवटीं मिळालेल्या दोन मोकळ्या फेकी त्यानें साधल्या व शिबेनिक एका गुणानें जिंकलें. दुसऱ्याच दिवशीं, पंचाचा निर्णय चुकला असें ठरवून संघटनेनें तो विजय रद्द केला! शिबेनिकनें फेरसामना नाकारला, आणि अजिंक्यपद साराजेव्होच्या बोस्ना संघास गेलें. अठरा वर्षांच्या पोरास हा घाव लहान नव्हता.

पुढें वर्षभर लष्करी सेवा करून तो झाग्रेबच्या सिबोना संघांत आला. १९८५ व १९८६ या दोन्ही वर्षीं सिबोना युरोपचा विजेता ठरला. १९८५ सालीं अंतिम सामन्यांत ज्या रेआल माद्रिदला त्यानें धूळ चारली, त्याच माद्रिदनें १९८८ मध्यें त्याला आपल्याकडे घेतलें. १९८९ सालीं अथेन्स येथें एका अंतिम सामन्यांत त्यानें एकट्यानें ६२ गुण केले.

त्याच वर्षीं तो अमेरिकेंत पोर्टलंडला गेला, आणि युरोपचा हा राजा तेथें बांकावर उमेदवारासारखा बसला. पहिल्या हंगामांत त्याची सरासरी अवघी ७·६ गुणांची. परंतु रुसून माघारीं फिरणारा हा गडी नव्हे. १९९१ च्या जानेवारींत त्यास न्यू जर्सीच्या संघांत पाठविलें गेलें. तेथें खेळावयास मिळतांच त्याचें पाणी दिसलें. १९९२-९३ सालीं सरासरी २२·३ वर गेली.

मधल्या काळांत देश मात्र फुटत होता. १९९० सालीं ब्वेनोस आयरेस येथें युगोस्लाव्हियानें जागतिक अजिंक्यपद जिंकलें, तेव्हां एक प्रेक्षक क्रोएशियाचें निशाण घेऊन मैदानांत शिरला. व्लादे दिवाच हा सर्ब गडी द्राझेनचा जिवलग मित्र. संघ युगोस्लाव्हियाचा, येथें दुसरें निशाण नको, म्हणून त्यानें तें हिसकावलें. विचार कदाचित् सरळ असेल. वेळ मात्र वाईट होती. द्राझेननें त्याच्याशीं बोलणें सोडलें. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्यें तो नव्या क्रोएशियाकडून खेळला. अंतिम सामन्यांत अमेरिकेपुढें हार झाली, रौप्यपदक मिळालें.

७ जून १९९३ रोजीं, पोलंडांतील सामन्यांहून परततांना, जर्मनींत त्याची मोटार एका मालमोटारीवर आदळली. द्राझेन शेजारच्या जागेवर झोंपला होता. वय अवघें अठ्ठावीस.

दिलजमाई राहूनच गेली. पुष्कळ वर्षांनीं दिवाच झाग्रेबला गेला, द्राझेनच्या आईस भेटला, आणि मग मिरोगोयच्या दफनभूमींत मित्राच्या थडग्यापाशीं जाऊन उभा राहिला.