आधी फुटलेली धरणं वाच : उज्जैनशी नातं असलेली तीन धरणं

मागच्या बैठकीनंतर चहा चालू असताना आपल्या एका सदस्यांची मुलगी माझ्याजवळ आली. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, धरणांच्या डिझाइनमध्ये करिअर करायचं तर आधी काय वाचू?" माझी सगळी नोकरी धरणांच्या संकल्पचित्रांतच गेली, तेव्हा प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता. जलविज्ञान, मृदा-यांत्रिकी, भूशास्त्र अशी नावं ओठांवर होती. पण तोंडून निघालं, "आधी फुटलेली धरणं वाच." तिला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, म्हणून हा लेख.

यात तीन धरणं आहेत. तिन्ही उज्जैनपासून लांब आहेत, पण तिन्हींचं उज्जैनशी नातं आहे. पहिलं उज्जैनच्या राजघराण्यानं दुरुस्त करवलं. दुसरं आपण ज्या संस्थानात होतो त्या शिंद्यांच्या राज्यात फुटलं. तिसऱ्यात आपल्या क्षिप्रेचं पाणी जाऊन मिळतं.

सुदर्शन

जुनागढजवळ गिरनारच्या वाटेवर एक मोठा खडक आहे. अशोकाचे लेख त्यावर आहेत हे सर्वांना ठाऊक असतं. त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनाचा संस्कृत लेख आहे. रुद्रदामन हा चष्टनाचा नातू, आणि चष्टनाची राजधानी उज्जैन होती हे टॉलेमीच्या भूगोलावरून कळतं. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवून, जवळचं नातं म्हणून सोडून दिल्याचं याच लेखात आहे. त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासातही त्याचा उल्लेख नेहमी येतो. पण लेखाचा मुख्य विषय लढाई नाही. विषय आहे फुटलेला बांध.

सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात त्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त यानं बांधवला. अशोकाच्या काळात यवनराज तुषास्फानं त्याला पाण्याच्या मोऱ्या करून दिल्या. शके ७२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, मार्गशीर्षात प्रचंड वादळी पाऊस झाला, सुवर्णसिकता, पलाशिनी वगैरे नद्यांना पूर आला आणि बांध गेला. पुढचा तपशील वाचताना माझ्यातला इंजिनियर दरवेळी थांबतो. खिंडार ४२० हात लांब, तितकंच रुंद आणि ७५ हात खोल. हात दीड फुटाचा धरला तर ६३० फूट लांब आणि सुमारे ११२ फूट खोल. पाणी सगळं वाहून गेलं आणि सुदर्शन 'दुर्दर्शन' झालं, अशी कोटीही लेखकानं केली आहे.

स्वतःच्या पराक्रमाची ओळीवर ओळी स्तुती करवून घेणारा राजा त्याच दगडावर खिंडाराची मापंही कोरवतो, याचं मला आजही कौतुक वाटतं. कारण, दिनांक, मापं, परिणाम, दुरुस्ती : आजच्या चौकशी अहवालात याहून वेगळं काय असतं?

लेखात आणखी एक गोष्ट आहे. राजाचे मतिसचिव आणि कर्मसचिव, म्हणजे सल्ला देणारे आणि काम करवून घेणारे असे दोन्ही मंत्री, लायक असूनही एवढं मोठं खिंडार पाहून दुरुस्तीला तयार झाले नाहीत. बांध पुन्हा होणार नाही म्हणून लोकांत हाहाकार उडाला. तेव्हा आनर्त-सुराष्ट्राचा अधिकारी, कुलैपाचा मुलगा पल्हव सुविशाख यानं काम तडीस नेलं. प्रजेवर कर नाही, वेठ नाही, खर्च राजाच्या खजिन्यातून. नवा बांध लांबी-रुंदीत तिप्पट मजबूत केला.

शाळेत आम्हाला हे शिकवताना मंत्री भित्रे आणि राजा धीराचा, असं चित्र उभं केलं जायचं. नोकरीत शिरल्यावर मला त्या मंत्र्यांविषयी आपुलकी वाटू लागली. ७५ हात खोल खिंडार पाहिल्यावर 'जरा थांबा' म्हणणं हाही कामाचाच भाग आहे. पण ओरडणारे लोकही खरेच होते, त्यांची शेतं त्या पाण्यावर होती. आणि तिप्पट मजबूत केलेला बांधही तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळात, पुन्हा फुटला. पर्णदत्ताचा मुलगा चक्रपालित यानं तो दुरुस्त करवला. तो लेखही त्याच खडकावर आहे.

तिघरा

आता अठराशे वर्षं पुढे येऊ. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात. आमच्याकडच्या अनेक मराठी घरांची सोयरीक लष्कर-ग्वाल्हेरची, त्यामुळे तिघऱ्याचं नाव लहानपणापासून कानावर होतं, 'तिघऱ्याचं पाणी' म्हणजे ग्वाल्हेरच्या नळाचं पाणी, एवढ्याच अर्थानं. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत सांक नदीवर शहराच्या पाण्यासाठी हे धरण झालं. चुन्यातलं दगडी बांधकाम, २४ मीटर उंच. बांधून होतं न होतं तोच, १९ ऑगस्ट १९१७ रोजी ते फुटलं. मृतांचा आकडा कुठे एक हजार, तर कुठे दहा हजार असा सापडतो. आकड्यांत एवढं अंतर आहे, यावरूनच खालच्या गावांतल्या माणसांची मोजणी कशी झाली असेल ते कळतं.

धरण कसं फुटलं? सुमारे ४०० मीटर लांबीवरून ८५ सेंटिमीटर पाणी वाहिलं आणि बांधकामाचे दोन प्रचंड तुकडे अखंडच्या अखंड पुढे सरकले. पायात वालुकाश्म होता आणि त्यात पाणी मुरलं होतं.

इथे थोडं गणित करतो, कारण धरण-संकल्पनाची सगळी शाळा या एका उदाहरणात आहे. अशा धरणाला भारस्थायी धरण म्हणतात. ते फक्त स्वतःच्या वजनावर उभं राहतं. समजा २४ मीटर उंच, तळाशी १६ मीटर रुंद अशी त्रिकोणी भिंत आहे. (ही तळाची रुंदी मी उदाहरणासाठी घेतली आहे.) भिंतीच्या दर मीटर लांबीला पाण्याचा आडवा रेटा येतो २८८ टन. भिंतीचं वजन साधारण ४४० टन. दगडाचं दगडावरचं घर्षण वजनाच्या पाऊणपट धरलं तर विरोध ३३० टनांचा. माथ्यावरून ८५ सेंटिमीटर पाणी गेलं तर रेटा होतो ३०८. तरी ३३० जास्तच. कागदावर धरण सुरक्षित.

पण पायाच्या भेगांत पाणी शिरलं की ते भिंतीला खालून वर उचलतं. ऑफिसात सगळे याला 'अपलिफ्ट' म्हणतात. आपल्या उदाहरणात तो दाब १९२ टनांपर्यंत जातो. म्हणजे ४४० टनांची भिंत पायाला २४८ टनांचीच वाटते आणि विरोध उरतो जेमतेम १८६ टनांचा. समोर रेटा ३०८ चा. चुन्याची पकड थोडी मदत करते, पण भिंत सरकायला लागली की ती फार वेळ पुरत नाही.

मनाला लागणारी गोष्ट अशी, की हे ज्ञान १९१७ साली नवं नव्हतं. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ मध्ये फुटलं होतं, आणि त्याच वर्षी मॉरिस लेव्ही यांनी या उचलणाऱ्या दाबाकडे इंजिनियरांचं लक्ष वेधलं होतं. तरी त्या काळच्या कितीतरी दगडी धरणांच्या हिशेबात तो धरलेला नसे. एका खंडातलं फुटलेलं धरण दुसऱ्या खंडातल्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात नदी थांबत नाही.

तिघरा १९२९ मध्ये पुन्हा बांधून झालं. ग्वाल्हेर आजही त्याचं पाणी पितं.

मधला एक कागद

माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीची सुरुवातीची वर्षं. माळव्यातल्या एका लहान तलावाचं संकल्पन माझ्याकडे आलं. पाणलोट क्षेत्र आणि पाऊस धरून पुराचा आकडा काढला, त्यावरून सांडव्याची लांबी आली. पण अंदाजपत्रक मंजुरीच्या वर गेलं. वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "आकडा जरा परत बघा." मी परत बघितला. सूत्रातला गुणांक थोडा कमी धरला तर पूर कमी येत होता, सांडवा आखूड होत होता आणि सगळं नियमात बसत होतं. मी सही केली.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९७९ मध्ये, मोरबीचं मच्छू-२ धरण फुटल्याची बातमी आली. सुदर्शन तलाव ज्या सौराष्ट्रात होता, तिथलंच हे धरण. पुढे आकडे कळले : संकल्पनातला पूर सेकंदाला सुमारे साडेपाच हजार घनमीटरचा, प्रत्यक्षात आला त्याच्या जवळजवळ तिप्पट. मी माझी फाईल परत मागवली आणि मूळ आकडा ठेवावा अशी टीप लिहिली. अंदाजपत्रक वाढलं, मंजुरी नव्यानं घ्यावी लागली आणि तलाव दोन वर्षं मागे पडला. जागेवर गेलो तेव्हा गावातले एक बुजुर्ग म्हणाले, "साहब, तुम्हारे कागज़ में हमारे दो गेहूँ चले गए." त्यांना काय उत्तर देणार?

माझ्या नोकरीभरात त्या तलावावर तसा पूर आला नाही. म्हणजे मी बरोबर होतो की चूक, हे मला आजही माहीत नाही. त्या गावाचे दोन हंगाम मात्र नक्की गेले. सुदर्शनच्या काठावर ओरडणारे लोक म्हटलं की मला ते आजोबा आठवतात.

गांधीसागर

तिसरं धरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. पावसाळ्यात रामघाटावरची लहान देवळं बुडवून क्षिप्रा जे पाणी उत्तरेला नेते, ते चंबळेला मिळून गांधीसागरात जातं. ७ मार्च १९५४ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, १९६० मध्ये धरण पूर्ण झालं. ६२ मीटर उंच, ५१४ मीटर लांब, आणि तेही दगडी भारस्थायी धरणच. म्हणजे जातकुळी तिघऱ्याचीच, उंची अडीचपट.

सप्टेंबर २०१९ मध्ये माळव्यात पावसानं कहर केला. गांधीसागरात संकल्पनापेक्षा कितीतरी जास्त येवा आला, पाणी धरणावरून वाहिलं, पायथ्याचं वीजघर बुडालं. टीव्हीवर ते दृश्य पाहताना माझ्या डोळ्यांपुढे तिघरा होता. रात्रभर झोप लागली नाही.

धरण उभं राहिलं. १९५० च्या दशकात भारस्थायी धरणाच्या हिशेबात खालून येणारा दाब धरणं हा रिवाज झाला होता. पायात ग्राउटिंग करून भेगा बुजवायच्या, पलीकडे निचऱ्याची भोकं ठेवून मुरलेल्या पाण्याला वाट द्यायची, हे सगळं बूझे आणि तिघऱ्यासारख्या अपघातांनी शिकवलं होतं. तिघऱ्याखाली मेलेल्यांची नावंही आपल्याकडे नाहीत, पण पुढची धरणं घडली ती त्यांच्या मरणातून मिळालेल्या धड्यांवर. मात्र निर्धास्त होण्याचं कारण नाही. नंतर महालेखापरीक्षकांच्या अहवालात धरणाखालच्या बाजूला पडलेल्या खोल खड्ड्यांची नोंद आली. एकदा टिकलेलं धरण पुढच्या वेळीही टिकेल, असं कुणी लिहून देत नाही.

तिला द्यायचं उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर. बी.ई. झाल्यावर रुडकीसारख्या ठिकाणी जलविज्ञान किंवा जलसंपदा विषयात पुढचं शिक्षण घेता येतं. अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून केंद्रीय जल आयोगात जाता येतं. धरणांच्या प्रतिकृतींवर प्रयोग पाहायचे तर पुण्याजवळ खडकवासल्याचं संशोधन केंद्र आहे, आणि महाराष्ट्रात नाशिकला मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. देशात पाच हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत. नवी फार होणार नाहीत, पण जुन्यांची तपासणी कधी संपणार नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं तर ती बंधनकारकच केली आहे. पन्नास वर्षांपूर्वी माझ्यासारख्यानं काढलेले पुराचे आकडे पुन्हा काढायचे, हेच तुझ्या पिढीचं मुख्य काम असेल. माझेही काढ. गुणांक कुठे कमी धरला असेल तर तसं स्पष्ट लिही.

आणि एकदा गिरनारला जाऊन ये. अशोकाचे लेख सगळे पाहतात. तू त्यांच्या बरोबरीनं रुद्रदामनाचाही पाहा, आणि ७५ हात म्हणजे किती खोल, ते तिथेच उभी राहून मोजून बघ.