वंशवृक्षातली रिकामी जागा

आमच्या घरी लाकडी पेटीत एक जुना, घड्यांवर फाटलेला कागद होता. त्यावर घराण्याची नऊ पिढ्यांची वंशावळ. मी शाळेत असताना आत्यानं तो कागद माझ्यापुढे उलगडला आणि विचारलं, ''यात मी कुठं आहे, सांग बघू.'' मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. वडिलांचं नाव सापडलं, काकांचं सापडलं. आत्याचं नव्हतं. आजीचंही नव्हतं. आत्या हसली आणि तिनं कागद घडी करून ठेवून दिला. पुढे इतिहासाच्या नादानं मी राजघराण्यांच्या वंशावळींचे जाडजूड ग्रंथ चाळू लागलो, तेव्हा दर वेळी तिचा तो प्रश्न आठवत राहिला.

राजघराण्यांच्या संदर्भग्रंथांचा विषय निघाला, की पहिलं नाव येतं ते जर्मनीतल्या 'अल्मनाक द गोथा'चं. १७६३ ते १९४४ अशी पावणेदोनशेहून अधिक वर्षं तो निघत होता. पाठोपाठ १८२६ मध्ये सुरू झालेला इंग्लंडचा 'बर्क्स पीअरेज'. त्यामुळे आपला समज असा होतो, की असले ग्रंथ करावेत हे युरोपनंच जगाला शिकवलं. प्रत्यक्षात जपानमध्ये असा ग्रंथ इसवी सन ८१५ मध्येच तयार झाला होता. त्याचं नाव 'शिन्सेन शोजिरोकु'. राजधानी आणि भोवतालच्या पाच प्रांतांतल्या १,१८२ घराण्यांची त्यात नोंद आहे. सम्राटांचे वंशज, देवांचे वंशज आणि चीन-कोरियातून येऊन स्थायिक झालेल्यांचे वंशज अशी त्यांची विभागणी. तिसऱ्या गटातच तीनशेहून अधिक घराणी आहेत. बाहेरून आलेल्यांनाही मानाच्या यादीत जागा होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर दरबारातला हुद्दा कुळावर ठरत होता आणि त्यामुळे खोटी कुळं सांगणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. 'निहोन शोकी' या जपानी इतिहासग्रंथात याहून जुनी एक कथा आहे. इंग्यो नावाच्या सम्राटानं कुळाचा दावा सांगणाऱ्यांना उकळत्या पाण्यात हात घालायला लावला. खरं बोलणाऱ्याचा हात भाजणार नाही, अशी श्रद्धा. मग खोटे दावेदार आपसूक मागे सरले!

आपल्याला यात नवल वाटायला नको. वतनाच्या भांडणात आपल्याकडेही 'रवादिव्य' होत असे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, हात शाबूत राहिला तर वतन तुमचं. तिथवर पाळी येण्याआधी गोतसभेपुढे दोन्ही बाजू आपापल्या पिढ्यांची हकीकत लिहून देत. म्हणजे वंशावळ ही हौसेनं भिंतीवर लावायची वस्तू नव्हती. तो हक्काचा पुरावा होता. आजही त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांची नावं सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून शेतकरी कुळांच्या पिढ्या सांगत आले.

मराठी वंशवृत्तान्ताचं सर्वांत भव्य पुस्तक मात्र कागदावर नाही आणि महाराष्ट्रातही नाही. ते तमिळनाडूत, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेलं आहे. १८०३ मध्ये सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले घराण्याचं हे चरित्र दगडात खोदवून घेतलं. ते वाचताना पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी. सरफोजी हे तुळजाजीराजांचे दत्तकपुत्र. १७८७ मध्ये तुळजाजी वारले, तेव्हा ते दत्तकविधान बाजूला सारून अमरसिंगांना गादी मिळाली. सरफोजींना ती मिळायला १७९८ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी कंपनीशी तह झाला आणि राज्याचा कारभार हातून गेला. गादीचा हक्क एकदा नाकारला गेलेला राजा आपल्या घराण्याची हकीकत दगडावर का कोरून ठेवतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजांनीही हिंदुस्थानातल्या घराण्यांची पुस्तकं केली. लेपेल ग्रिफिनचं पंजाबच्या सरदारांवरचं पुस्तक १८६५ चं. रोपर लेथब्रिजचं 'द गोल्डन बुक ऑफ इंडिया' १८९३ चं. संस्थानिक, सरदार, जमीनदार, किताबवाले, सगळे त्यात ओळीनं बसवलेले आहेत. माहिती मोलाची आहे. पण कोणाला कोणता मान द्यायचा, हे ठरवण्याची सोय म्हणूनही ही पुस्तकं उपयोगी होती.

आणि नोंद मान्य होणं किंवा न होणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राइतकं कोणाला ठाऊक असणार? १८४८ मध्ये साताऱ्याचं दत्तकविधान अमान्य झालं आणि राज्य खालसा झालं. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी गेली. आपल्या शास्त्रानं दत्तक पुत्र हा पुत्रच. वंशावळीत त्याची रेघ औरस मुलासारखीच खाली उतरते. कंपनी सरकारनं ती रेघ पुसली. सत्तावन्नचा उठाव झाल्यावर शहाणपण आलं आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळ नावाच्या मुलाला दत्तक घेतलं. गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला हा मुलगा म्हणजेच सयाजीराव महाराज. एका जुन्या फांदीची आठवण कुटुंबानं जपली होती, म्हणून बडोद्याला तो राजा मिळाला.

पण आत्याचा प्रश्न उरतोच. होळकरांची वंशावळ बापाकडून मुलाकडे अशी काढून पाहा. मल्हारराव, त्यांचे पुत्र खंडेराव, त्यांचे पुत्र मालेराव, रेघ संपली. १७६७ ते १७९५ ही अहिल्याबाईंची अठ्ठावीस वर्षं त्या रेघेत बसवायची कुठं? त्या 'खंडेरावांच्या पत्नी' एवढ्याच उरतात. उलट केरळात त्रावणकोरच्या राजघराण्यात गादी बहिणीच्या मुलाकडे जात असे. तिथली वंशावळ बापाच्या बाजूनं काढू गेलात तर कागद कोराच राहील. तिथं बहिणीचं नाव गळलं, तर राजाच गळतो. कोणाचं नाव लिहायचं आणि कोणाचं नाही, हा काही निसर्गनियम नव्हे. ती त्या त्या समाजानं ठरवलेली रीत आहे.

म्हणून हे ग्रंथ टाकाऊ आहेत, असं मी म्हणत नाही. 'बर्क'वाल्यांनी १९८० मध्ये आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या राजघराण्यांचा स्वतंत्र खंड काढला. आपल्याकडे रियासतकार सरदेसाई यांनी मराठ्यांच्या ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी एकत्र केल्या. त्या हाताशी नसतील, तर एकाच नावाच्या चार पुरुषांत अभ्यासक हरवून जाईल. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता गेली, तसा या पुस्तकांचा दरबारी उपयोगही संपला. आता ती निव्वळ इतिहासाची साधनं आहेत. फक्त वाचताना दोन प्रश्न विचारावेत: ही नोंद कोणी केली, आणि कोणाला सोडून केली?

आत्या गेली त्या वर्षी मी तो घरचा कागद नव्यानं लिहून काढला. तिचं नाव वडिलांच्या शेजारी लिहिलं. आजीचंही लिहिलं. पणजीच्या जागी मात्र पेन थांबलं. तिचं नाव सांगू शकेल असं घरात कोणी उरलं नव्हतं. ती जागा मी तशीच रिकामी ठेवली आहे, रेघ ओढून. तुमच्या घरी असं सांगणारं कोणी वडीलधारं असेल, तर आज रविवार आहे. कागद घ्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)