तळटीप : उरणच्या भट्ट्या

उरणच्या भट्ट्या : एकोणिसाव्या शतकात, उरण पनवेल तालुक्यात मोडत असताना, मुंबईची मोहाची दारू मोठ्या प्रमाणात इथल्या भट्ट्यांतून जाई. मालक बहुतेक पारशी. फुलांतली साखर यीस्ट आंबवते. त्यात शेवटच्या पायरीला ॲसिटाल्डिहाइडचे अल्कोहोल करणारे विकर म्हणजे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज. बर्लिनमध्ये 1937 साली यीस्टमधून त्याचे स्फटिक मिळवले गेले. माणसाच्या यकृतातले त्याचे भाऊबंद विकर उलटे काम करते, प्यायलेली दारू मोडते. दारूत मेथॅनॉल असेल तर तेही इमानेइतबारे मोडायला घेते. त्यातून फॉर्माल्डिहाइड, पुढे फॉर्मिक आम्ल होते, आणि डोळे जातात. 2015 साली मालाडच्या मालवणीत मेथॅनॉलच्या दारूने शंभरावर माणसे दगावली. फोमेपिझोल हे औषध या विकराचीच वाट अडवते.

लेखक पुढे ज्याला ‘शुद्ध विकर’ म्हणतात, त्यासाठी आता यकृत लागत नाही. मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात आणि प्रथिनाला सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडतात. निकेलच्या स्तंभात शेपटी अडकते, बाकीचा गाळ वाहून जातो. मग इमिडॅझोल ओतून विकर सोडवून घ्यायचे. ते जिवंत आहे का, हे अल्कोहोल व एनएडी घालून 340 नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण किती झपाट्याने वाढते त्यावरून कळते. अशा विकराच्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापतात. लेखकाने तिला उतारा म्हटले आहे, ते मात्र बरोबर नाही. – संपा.